धरणावरची टपालपेटी

धरणाच्या दगडी पायऱ्या चढता चढता त्याने पुन्हा खिसा चाचपला. ताईच्या पत्राचं उत्तर खिशात होतं, नेहमीसारखंच अर्धवट.

भावोजी गेल्यानंतर ताईने लिहिलं होतं, तुझ्याकडे कायमची राहायला येऊ का? नाही म्हणालास तरी रुसणार नाही. उत्तर सोपं होतं. पण जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासलेला माणूस तो. ‘ये’ लिहिलं की हुकूम वाटे, ‘आलीस तर बरं’ म्हणजे उपकार, ‘अवश्य येणेचे करावे’ ही तर लग्नपत्रिका. खाडाखोडीत ऋतू पालटला. शेवटी ताईच आठवडाभर पाहुणी म्हणून आली. पत्राचा विषय तिने काढला नाही आणि त्याची काढायची छाती झाली नाही. उद्या सकाळी तिची गाडी होती. घरात तोंडासमोर तोंड नको, म्हणून आज ही सहल.

ताई कठड्याशी उभी राहून निवांत तलाव बघत होती. त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. तो भिंतीच्या टोकापर्यंत जाई, परत येई, धरण कुणी आणि कसं बांधलं त्याचा फलक पुन्हा वाची.

“जरा टेक की. पाठ करून परीक्षा द्यायचीय का?”

तो बाकाच्या कडेला टेकला. ताईने थर्मासमधून चहा ओतला.

“ताई...”

“काय?”

“झाकण नीट लाव. सांडेल.”

ताईने झाकण लावलं. मग पाण्याकडे बघतच ती सांगू लागली. घराला रंग दिलाय, नळ बदललेत. शेजारीण चांगली आहे.

“ती म्हणते, रोज रात्री भिंतीवर एक थाप मारत जा. म्हणजे आहात ते कळेल.”

ताई हसली. त्याला हसता आलं नाही. चहा तसाच ठेवून तो उठला आणि तरातरा खालच्या दुकानाकडे गेला.

तिथे धरणाची चित्रं छापलेली कार्डं होती. त्याने एक घेतलं, टेकून लिहायला लागला, थांबला, पुन्हा लिहिलं. ताई पिशवी सावरत मागे येऊन उभी राहिली.

“कुणाला रे?”

“तुला.”

तिने कार्ड हातात घेतलं. मजकुराची जागा कोरी होती. पत्त्याच्या जागी तिचं नाव होतं, आणि खाली त्याच्या घराचा पत्ता.

“लिहिलं तर काहीच नाहीस.”

“जमलं नाही.”

“आणि हे पोचेल तेव्हा मी तिथे कुठे असणार? उद्या गाडी आहे माझी.”

त्याने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“पोचायला चार-पाच दिवस लागतात,” तो टोपणाकडे बघत म्हणाला. “तुझं पत्र तूच घ्यायला हवं ना. मी कसं घेणार?”

चष्मा काढून ताईने पदराने पुसला, पुन्हा घातला.

“दे ते पेन,” ती म्हणाली. “घरनंबर तरी नीट लिहावा माणसाने. तुझा नऊ एकासारखा दिसतो.”

तिने नऊ ठळक गिरवला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग त्याच्या हातात थर्मास देऊन तिने स्वतःच कार्ड दुकानाशेजारच्या टपालपेटीत टाकलं.