डॉक्टर शमिका निवेदन करतील

सगळं खापर न्यू जर्सीच्या सरितामावशीवर. तिच्या गौरांगला डॉक्टर व्हायचंय, म्हणून तो व्हायोलिन, पोहणं, वृद्धाश्रम असं सगळं करतो. तिकडे म्हणे प्रवेशाला हे बघतात. जर्मनीत कुणी ढुंकून बघत नाही. मला तर मेडिकलला प्रवेश मिळूनही झाला होता, रेगेन्सबर्गला. पण घरी, एश्बॉर्नमध्ये बसून आई माझे छंद वाढवत होती.

"अगं, माझी अ‍ॅडमिशन झालीये!"

"मग काय झालं? पुढे लागतंच. सरिता काय वेडी आहे?"

नाही, मावशी फार हुशार! म्हणून मी कॉयरमध्ये गाऊ लागले, फर्स्ट एड शिकवू लागले, शिवाय एश्बॉर्नच्या मराठी मंडळाच्या दिवाळीचं निवेदन. नशीब, घोड्यावर नाही बसवलं.

शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत, टेस्टाटमध्ये, मी एकदा आपटले होते. आदल्या रात्री स्काइपवर मंडळाच्या वासुदेवकाकांनी तालीम घेतली होती ना! फेरपरीक्षा सोमवारी. त्यातही आपटले तर अख्खा कोर्स पुढच्या वर्षी पुन्हा. आणि दिवाळी शनिवारी.

"आई, मी येत नाहीये."

"बरं. काकांना सांगते, आमच्या मुलीला मराठीची लाज वाटते."

झालं! गेले मुकाट्यानं, मांडीवर पुस्तक घेऊन, आगगाडीतून.

"आता डॉक्टर शमिका निवेदन करतील," काकांनी जाहीर केलं. आई पहिल्या रांगेत नुसती फुलली होती. दोन नाचांच्या मध्ये मी विंगेत हाताच्या नसा पाठ करायला बसले, तर एक काकू गुडघा घेऊन आल्या. "जिना चढताना कटकन वाजतं गं." पाठोपाठ कुणाचा तरी खांदा आला. रविवार हॉल आवरण्यात गेला. तरुणांनी करायचं असतं म्हणे.

सोमवारी प्राध्यापकांनी चिमट्यात एक नस उचलून विचारलं, "ही कोणती?" माझ्या डोक्यात एकच वाक्य: आता सादर होत आहे कोळीनृत्य.

बाहेर येऊन बाकावर बसून मी ढसाढसा रडले. मग आईला फोन केला. "नापास झाले. कोर्स पुढच्या वर्षी परत."

वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलं गं माझं.

"रडू नकोस, बाळा," ती म्हणाली. तिचाही आवाज भरून आला होता. मला इतकं बरं वाटलं.

"आणि हे बघ," तिनं नाक पुसलं, "पुढच्या वर्षी तोच अभ्यास, म्हणजे तुला वेळच वेळ. काकांना नाटकासाठी हो सांगून टाकू?"