कोपरातलं जास्तीचं हाड

माझ्या मुलीच्या उजव्या कोपरात, जिथे हाड असायचं काही कारण नाही तिथे हाड तयार झालंय. हात काटकोनात अडकलाय, पुढे जात नाही की मागे येत नाही. दहा वर्षांची अपेक्षा डाव्या हाताने भाकरी मोडते. वेणीपर्यंत हात पोचत नाही म्हणून केस कापून टाक म्हणते. आणि मी, तिची आई, चिखलीच्या ज्युनिअर कॉलेजात अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवते. हसायचं असेल तर हसून घ्या.

डिसेंबरात शाळेत खो-खो खेळताना ती पडली आणि कोपर निखळलं. खामगावच्या डॉक्टरांनी ते नीट बसवलं, तीन आठवडे प्लास्टर ठेवलं. काढलं त्या दिवशी म्हणाले, "हात आखडलेला वाटेल, घाबरू नका. तिचा हात तिलाच हलवू द्या. कोणी ओढायचा नाही, कोणी चोळायचा नाही." मी मान हलवली. हे वाक्य घरी जाऊन आबांना कसं ऐकवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आबा म्हणजे माझे सासरे, तुळशीराम. आमच्या उंद्री गावात आणि आसपासच्या पाच-सात गावांत कोणाचा पाय मुरगळो, मान धरो, नाहीतर बैल लंगडो, माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसतात. आबा जवसाचं तेल कोमट करतात, अंगठ्याने दुखरी जागा शोधतात आणि चोळतात. वर आपल्याच घरचा चहा पाजतात. त्यामुळे त्यांना कोणी काही बोलत नाही. मी बोलले. खामगावहून आल्या आल्या उंबऱ्यातच सांगितलं, "आबा, पोरीच्या हाताला हात लावायचा नाही." ते नुसतं "बरं" म्हणाले. मला त्या "बरं"चाच राग आला.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या परीक्षा लागल्या. मी सकाळी सातला बाहेर पडायची ती पाचला परत. आल्यावर चहाच्या आधी अपेक्षाचा व्यायाम घ्यायची. तिला खाटेवर बसवायचं, एका हाताने दंड दाबून धरायचा, दुसऱ्याने मनगट धरून हात सरळ करत न्यायचा आणि दहा म्हणेपर्यंत सोडायचा नाही. मोबाइलवर तसे व्हिडिओ पाहिले होते. शिवाय आखडलेला सांधा ताणल्याशिवाय सुटत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती रडायची. मी म्हणायची, "रडून हात सरळ होत नसतो."

हात मात्र दिवसेंदिवस जास्तच आखडत गेला. कोपराच्या जरा वर, पुढच्या बाजूला, बोटांना कडक गोळा लागायला लागला.

एका शनिवारी परीक्षा लवकर आटोपली आणि मी दुपारीच घरी आले. ओट्यावर आबा, त्यांच्या मांडीवर अपेक्षाचा हात, शेजारी तेलाची वाटी. आबांचा अंगठा नेमका त्या गोळ्यावर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटी उचलून मी अंगणात भिरकावली.

"किती दिवस चाललंय हे?"

"पलस्तर निंघालं तवापासून," आबा म्हणाले. "तू कालेजात गेली का. गाठ हाये पोरीच्या हाताले, पुष्पा. ते जिरवा लागते ना."

"मी नाही म्हटलं होतं. डॉक्टर नाही म्हणाले होते!"

"डाक्टरले काय मालूम? पन्नास वर्सं झाले मी लोकाईचे हातपाय चोळून राह्यलो. कोणाचं वाटोळं झालं, सांग बरं? अन् काऊन वरडून राह्यली पोरीसमोर?"

मी घरात पुस्तकीच बोलते, आणि चिडल्यावर तर फारच. "वाटोळं झालेला माणूस ते सांगायला परत तुमच्याकडे कशाला येईल, आबा? तो दवाखान्यात जातो."

त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या संध्याकाळी मी व्यायाम दुप्पट घेतला. आबांनी केलेलं नुकसान भरून काढायचं होतं ना.

सोमवारी रजा टाकून खामगाव गाठलं. आबा ऐकेनात, तेही बरोबर आले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. कोपरापुढे, नुसता स्नायू दिसायला हवा तिथे, पिंजलेल्या कापसासारखं पांढुरकं काहीतरी होतं.

"हाड आहे," ते म्हणाले. "स्नायूत तयार होतंय."

हाड म्हणजे दगड नाही, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी आधी कोलॅजनचे धागे घालतात, मग त्यांवर कॅल्शियम बसतं. बांधता बांधता त्यांतल्या काही स्वतःच्याच बांधकामात चिणल्या जातात आणि तिथेच जगतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खातात. जन्मभर हे बांधणं आणि खाणं चालू असतं, लहान मुलांत तर जोरात. हाडाच्या छेदाची ती कांद्याच्या चकतीसारखी गोल वेढ्यांची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढते. पण दुखावलेल्या स्नायूला बरं व्हायची उसंतच दिली नाही, तर त्यातल्या कोवळ्या पेशीही हाड बांधायला घेतात, हे आमच्या धड्यात नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे जी जिरवायची म्हणून रोज चोळली जात होती, ती गाठ त्या चोळण्यानेच वाढत होती.

"हात कोण दुखवत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे!" मी आबांकडे बोट दाखवलं. "मी बजावलं असताना, रोज, चोरून!" मग मी थांबलेच नाही. अडाणीपणा, हट्ट, गावभर मिरवणं, सगळं काढलं. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावायला लागली. आबा टोपी हातात घेऊन खाली बघत होते.

"चोळल्याने होतंच," डॉक्टर म्हणाले. "जोर लावून ओढलं तरी होतं. व्यायाम कोणी घेत होतं का?"

अपेक्षा बोलली.

"मी रडली का आबा थांबे. मंग नुसता हात धरून बसे. आई नाही थांबे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "आता सहा महिने, कदाचित वर्षभर, या हाताला कोणीच जोर लावायचा नाही. ते हाड पक्कं होऊ दे, मग लागलं तर काढू. हात पूर्ण सरळ होईल, असं आज मी सांगणार नाही."

मला डॉक्टरांचा राग आला. प्लास्टर काढलं त्या दिवशी 'कोणी' म्हणताना 'आईनेसुद्धा' म्हणायला त्यांचं काय जात होतं? आबांचा होता तो तसाच होता. पोरीचाही आला. एवढं दुखत होतं तर सांगायचं नाही का? मग लक्षात आलं, ती रोज सांगत होती.

परतीच्या एसटीत मी डावीकडच्या दोघांच्या बाकावर कडेला बसले आणि अपेक्षासाठी खिडकी मोकळी ठेवली. आबा मागच्या बाकावर एकटेच बसले होते. ती माझ्याजवळ आली, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मागे गेली.

"इकडे ये ना," मी म्हटलं. "खिडकी आहे."

"नको," ती म्हणाली. "तिथी तुया बाजूनं माहा दुखरा हात येते."