संचालकसाहेबांचा कोट

ऊर्जा बचत खात्याच्या कचेरीत भर उन्हाळ्यात लोकांचे दात वाजायचे. एसी कायम सोळावर. हिशेबनीस कानटोपी घालून आकडेमोड करायचा, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीवर लिहिलेलं असायचं, 'विजेचा प्रत्येक थेंब वाचवा.' विजेला थेंब असतात हा शोध कुणाचा, देव जाणे.

उपसंचालक बाईंना सगळे पाठीमागे 'बचत मावशी' म्हणायचे. घरी नवरा विचारायचा, "या उकाड्यात शाल घेऊन कुठल्या डोंगरावर निघालीस?" अखेर तिने एक प्रस्ताव लिहिला: उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांत कोट बंद, एसी सव्वीसच्या खाली नाही. तो घेऊन ती संचालकसाहेबांपुढे उभी राहिली.

"मॅडम, मला कोटात उकडतं. एसी कसा कमी करू?"

"मग कोट काढा ना, सर."

"बिनकोटाचा संचालक कारकून दिसतो," असं म्हणून साहेबांनी प्रस्ताव खणात टाकला.

पुढे बचत सप्ताहाच्या उद्घाटनाला मंत्री आले. "वीज वाचवणं ही काळाची..." एवढं बोलून ते असे शिंकले, की माइक कुईं करून ओरडला. नाक पुसत त्यांनी विचारलं, "इथे मढी ठेवता की काय? एवढा गारठा कशाला?"

"तांत्रिक कारण आहे, सर," साहेब म्हणाले.

मावशीला राहवलं नाही. "ते तांत्रिक कारण साहेबांच्या अंगात आहे. कोट."

बोलून गेल्यावर तिने शाल डोक्यावरून ओढून घेतली.

"काढा बघू कोट," मंत्री म्हणाले.

"असू द्या, सर."

"अहो, काढा!"

साहेबांनी कोट काढला. आत लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. त्यावर पिवळी बदकं, ओळीने चाललेली.

"हा कशाला?"

"थंडी वाजते, सर."

"मग एसी कमी करा."

"कमी केला की कोटात उकडतं."

कानटोपीवाला हिशेबनीस आधी फिस्कन हसला, मग अख्खं सभागृह. मंत्री स्वतःचा कोट खुर्चीवर भिरकावत म्हणाले, "यावर काही उपाय लिहिलाय का कुणी?" मावशीने प्रस्तावाची दुसरी प्रत पुढे केली. महिना संपायच्या आत सगळ्या सरकारी कचेऱ्यांना तसा आदेश गेला.

पण त्या दिवशी कार्यक्रम आटोपल्यावर ती खाली मान घालून साहेबांच्या खोलीत गेली. साहेब स्वेटरची घडी घालत होते.

"सर, चारचौघांत बोलायला नको होतं मी."

"बदकं बायकोने विणलीत," साहेब म्हणाले. "लोक हसले हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. बाकी चालेल."

"बदकं सुरेख आहेत, सर." हे मात्र ती मनापासून बोलली.

आदेश आला, एसी सव्वीसवर गेला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, संध्याकाळी खिडक्याच उघडू या की. एकही उघडेना. वर्षानुवर्षं रंगाचे थर बसून सगळ्या घट्ट चिकटल्या होत्या. सुतार पटाशी घेऊन आला आणि अर्धबाह्यांच्या शर्टातले संचालक टेबलावर चढून त्याच्याबरोबर खांदा लावून ढकलू लागले. खिडकी धाडकन उघडली. धुळीचा लोट थेट साहेबांच्या तोंडावर आला, आणि मागून वारा.

"आयला," साहेब म्हणाले, "झकास हवा आहे की!"