मोटारीकडची बाजू

नवरा-बायकोनं एकाच कारखान्यात काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्याच कारखान्यात बसून बनवलेलं आहे. आनंदराज कागदाच्या मशीनवर ऑपरेटर, मी तिथल्याच लॅबमध्ये. ते कागद काढतात, मी त्यात खोट काढते. इंटरकॉमवर मी म्हणते, "सोनकांबळे बोलते," आणि पलीकडून येतं, "सोनकांबळेच बोलतो." सगळी कंट्रोल रूम हसते.

नांदेडहून लातूरकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमचा कारखाना. जुन्या खोक्यांचा लगदा करून आम्ही पुन्हा खोक्यांचाच तपकिरी कागद करतो. बाहेरच्यांना वाटतं, कागद पापडासारखा लाटत असतील. तसं नाही. लगदा ताकासारखा पातळ करून हेडबॉक्स नावाच्या लांबलचक पेटीत सोडतात. पेटीला समोर मशीनच्या रुंदीएवढी एक अरुंद फट असते. त्या फटीतून लगदा पळत्या जाळीवर पडतो, पाणी खाली गळतं आणि वर कागद उरतो. सगळी मेख त्या फटीत. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी उघडी हवी, जरा कुठे आवळली की तिथला कागद विरळ. म्हणून फटीच्या वरच्या ओठावर ओळीनं बोल्ट बसवलेले असतात, आणि ते पान्यानं कमी-जास्त करायचं काम आनंदराजचं. एकाला हात लावला की शेजारचे दोन रुसतात. ते रुसवे काढण्यात आनंदराजचा हात धरणारा कुणी नाही, हे मी बायको म्हणून नाही, लॅब म्हणून सांगते.

तरी मागच्या महिन्यात कागद बिघडला. मी रोज पूर्ण रुंदीची पट्टी कापून तिच्या तुकड्यातुकड्याचं वजन करते. ऑपरेटर उभा असतो ती पुढची बाजू चोख, मशीन फिरवणाऱ्या मोटारी असतात ती पलीकडची, मोटारीकडची बाजू मात्र पातळ. मी फोन करायची, ते "बघतो" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी जशीच्या तशी.

कारण मला ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. आमचा अबोला चालू होता. माझ्या धाकट्या बहिणीचं, महामायाचं, निलंग्याला लग्न, आणि या गृहस्थानं एसटी स्टँडवर पोचल्यावर सांगितलं, "तू जा, मला जमणार न्हाई." का, ते काही नाही. भरल्या मांडवात मी एकटी, आणि जो तो विचारतोय, जावई कुठंयत? परत आल्यापासून मी घरात ताट वाढत होते, तोंड उघडत नव्हते. तेव्हा हा माणूस माझ्यावरचा राग कागदावर काढतोय असंच मी धरून चालले. मग मलाही चेव आला. मी रोल नापास केले आणि रिपोर्ट सरळ रामलिंग साहेबांकडे, आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरकडे, पाठवून दिला.

साहेब मला घेऊनच मशीनवर आले.

"सोनकांबळे, मोटारीकडचे बोल्ट कधी बघितले?"

"कालच, साहेब."

"मग आता माझ्यासमोर बघा."

तिकडे जायला हेडबॉक्सवरून एक अरुंद लोखंडी पूल आहे. खाली जाळी पळत असते. एरवी आनंदराज त्यावरून अंगणात फिरावं तसे फिरायचे. त्या दिवशी दोन पावलं गेले आणि थांबले. दोन्ही हातांनी कठडा धरला, डोळे मिटून घेतले. मानेवरून घाम ओघळत होता.

रागावलेला माणूस असा उभा राहत नाही. एसटीत न चढणं, मोटारीकडचा पातळ कागद, हा पूल, सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. परवाच ते भिंत धरत न्हाणीकडे गेले होते. ते मला दिसलं होतं, पण अबोल्याच्या तोऱ्यात मी बघितलं नव्हतं.

"अहो, उतरा खाली!" मी ओरडले. कारखान्यात मी त्यांना कधी अहो म्हटलं नव्हतं. शेजारचा ऑपरेटर सटवाजी चमकून बघायला लागला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"यांना चक्कर येते, साहेब."

"कोण म्हणलं?" आनंदराज पुलावरूनच म्हणाले, डोळे मिटलेलेच. "मला काई झालं न्हाई. जरा दम घेऊन राहिलो."

मी काय करतेय ते मला कळत होतं. चक्कर येणाऱ्या माणसाला मशीनवर ठेवत नाहीत, रद्दीच्या यार्डात गठ्ठे उतरवून घ्यायला धाडतात. त्याच धास्तीनं ते तोंड शिवून बसले होते. मी गप्प राहिले असते तर त्यांची जागा राहिली असती. आणि त्यांनी तिसरं पाऊल टाकलं असतं.

"काही झालं नाही ना? मग कठडा सोडून दाखवा."

हात सुटले नाहीत.

साहेबांचा चेहरा उतरला. "सटवाजी, जा, धरून आण त्यांना," ते म्हणाले. सटवाजीनं कमरेला धरून त्यांना उलट पावली खाली आणलं. "कानाचं असंल," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "माझ्या भावजयीला होतं, घर फिरल्यागत व्हायचं तिला. उद्याच नांदेडला दाखवा."

"आन् माझं मशीन, साहेब?"

"आधी कान. मशीनचं मी आज काहीच सांगत नाही."

आनंदराज माझ्याकडे न बघता मशीनच्या मजल्यावरून खाली जाणाऱ्या जिन्याकडे निघाले. मी मागोमाग गेले. वाटलं, हा माणूस आता जन्मभर माझ्याशी बोलणार नाही. ज्या कामावर त्यांचा एवढा जीव, ते मी चार लोकांत एका वाक्यानं घालवलं होतं, आणि वेळ आली असती तर पुन्हा घालवलं असतं.

पहिल्या पायरीशी ते थांबले. खाली बघितलं आणि सगळ्यांदेखत माझा खांदा घट्ट धरला.

"विशाखा," ते म्हणाले, "लई भ्यालो होतो गं. रोज भेत होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी एक पायरी उतरले, आणि त्यांचा पाय टेकेपर्यंत थांबले.