येलदरीचे कारकून

मुरमाची पाटी डोक्यावर चढवून मन्मथअप्पा वळले आणि समोरच्या वाटेने येणारी माणसं पाहून जागीच थांबले. पुढे पांढरा रुमाल बांधलेले, धोतराचा सोगा हातात धरलेले एक पोक्त गृहस्थ, त्यांच्या मागे त्यांची बायको आणि तिच्याही मागे, काखेला गाठोडं मारलेली भागम्मा.

आपलीच बायको. सोनपेठ कुठं, येलदरी कुठं!

मागच्या मुंजाजीची पाटी त्यांच्या पाठीला लागली.

"अप्पा, चला की. मुकादम बघायलाय."

अप्पा चालू लागले. न चालून करतात काय? मुरूम टाकायची जागा त्याच वाटेच्या पलीकडे होती.

धरणाच्या कामावर कारकुनाची जागा मिळाली, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. खोटं बोलायचं ठरवून काही ते घरातून निघाले नव्हते. कारकुनीच मागायला आले होते. जहागिरीच्या कचेरीत त्यांनी अठरा वर्षं मुन्शीगिरी केली होती. त्यांचं उर्दू अक्षर असं की, तहसीलदार वाचून झालेला कागद पुन्हा एकदा हातात घेत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या, कचेरीला कुलूप लागलं. मग काही वर्षं ते तहसिलीसमोर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. पुढे सरकारी कागद मराठीतून चालू लागले आणि मॅट्रिक झालेली पोरं त्याच झाडाखाली येऊन बसली. नोकरी मागावी तर वय उलटलेलं, इंग्रजीचा गंध नाही. येलदरीच्या हापिसातल्या साहेबाने त्यांच्या हातातल्या शिफारशीकडे न बघताच सांगितलं, "कारकून पुरे झाले. माती उचलत असाल तर मुकादमाला भेटा." अप्पा दोन दिवस पूर्णेच्या काठी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मुकादमाला भेटले.

हजेरीला सगळे अंगठा उठवत. सही केली असती तर चौघांनी विचारलं असतं, लिहितावाचता माणूस इथं कसा? म्हणून अप्पाही अंगठाच उठवत. मजुरी एवढीच की आपलं पोट भरावं आणि घरी चार दिवसांच्या ज्वारीपुरतं काही धाडावं. परवडत नाही म्हणायची सोय नव्हती. कुणी तसं म्हटलं की मुकादम नुसतं रस्त्याकडे बोट दाखवी. तिथं पार राणीसावरगावापासूनची माणसं गाठोडी घेऊन बसलेली असत. एकाने पाटी खाली ठेवली की दुसरा उचलायला तयार.

कारकुनाचा पगार इतकाच कसा, असं भागम्माने एकदाही विचारलं नव्हतं.

"ओ, जरा थांब रे." गृहस्थांनी हात वर केला. "हापिस कुन्या अंगाला हाय?"

डोक्यावर पाटी होती. अप्पांना मान खाली घालता येईना.

"तिकडं. ते पत्र्याचं."

"तिथं मन्मथअप्पा म्हणून कारकून हायत, सोनपेठकडचे. त्यांच्या लेकीला बघून आलाव आमी. पोरगी पसंत हाय. माघारी सेनगावला जायलाव, तर म्हणलं वाटंवरच हाय, बापाला भेटून बोलणं पक्कं करावं. इहीनबाईलाबी संगं घेतलं."

तोवर भागम्मा जवळ आली होती. तिने आधी पाय पाहिले. टायरच्या चपला, अंगठ्याला बांधलेली चिंधी. मग तिची नजर वर गेली. कपाळावरची विभूती घामाने धुऊन गेली होती आणि भुवयांवर तांबडी धूळ बसली होती. गाठोडं तिच्या काखेतून निसटलं. तिने ते गुडघ्यावर झेललं आणि पुन्हा वर घेतलं.

अप्पांनी तोंड उघडलं. 'मीच तो' एवढंच म्हणायचं होतं.

"ते आज परभनीला जानार व्हते," भागम्मा म्हणाली. नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली. "सांगावा धाडला व्हता त्यांनी. माज्याच ध्यानातून गेलं. गेलेच असतील, न्हाई का ओ दादा?"

दादा. बावीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना कधी कुठल्या नावाने हाक मारली नव्हती.

"गेलेत," अप्पा म्हणाले. "सकाळच्या मोटारीनं."

गृहस्थांनी रुमाल काढून मान पुसली. एवढ्या उन्हात आल्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. मग काही सुचल्यासारखे ते एक पाऊल पुढे आले आणि आवाज उतरवून म्हणाले,

"माणूस कसा हाय रे? तुमी कामावरचे लोक, तुमाला खरं ठाऊक असतं."

पाटीचा काठ अप्पांच्या बोटांत रुतत होता. भागम्मा दूरवर, नदीच्या पात्राकडे बघत उभी होती.

"गरीब हाय," अप्पा म्हणाले.

"असं!" गृहस्थांचा चेहरा खुलला. ते बायकोकडे वळले. "ऐकलंव का? हापिसातला माणूस म्हणलं की गुर्मी असती. सोभाव गरीब हाय म्हनतो ह्यो. आपल्याला दुसरं काय पाहिजे?"

रस्त्यावर सेनगावच्या मोटारीचा भोंगा वाजला. दोघं घाईने निघाले. चार पावलांवर जाऊन गृहस्थ मागे वळले.

"त्यांना म्हणावं, सेनगावचे वीरुपाक्षअप्पा येऊन गेले. बोलणं पक्कं समजा. आता साखरपुड्यालाच भेटू." मग हसून त्यांनी बोट उगारलं. "सांगायला इसरू नको बरं. चेहरा ध्यानात ठिवलाय मी तुजा."

मोटार गेली. धूळ खाली बसायला वेळ लागला.

परतीची जिंतूरकडची मोटार यायची होती. भागम्मा रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जाऊन बसली. अप्पांनी मुरूम टाकला, रिकामी पाटी हातात घेतली आणि तिच्यापासून थोडं लांब, उकिडवे बसले. तिने गाठोडं सोडलं. भाकरी, जवसाची चटणी, दोन कांदे.

"खाऊन घ्या."

अप्पांनी हाताकडे पाहिलं, तो धोतराला पुसला, पण भाकरी घेतली नाही.

"सांगनार व्हतो तुला."

"व्हय."

मग भागम्मा भाकरीवरची माशी वारत म्हणाली, "पोरगा शाळंत मास्तर हाय. मान लववून बोलतो. कारकुनाची लेक म्हणून त्यांनी हुंड्याचं नावबी काढलं न्हाई."

"चांगलं झालं. गौरा सुखात पडंल."

"त्यांनी बघितलं तुमाला."

"व्हय."

"मग?"

अप्पा पाटीच्या तळाला चिकटलेला मुरूम नखाने खरवडत राहिले. सगळा निघाला तरी खरवडत राहिले.

"वैजीनाथ हाय की," शेवटी ते म्हणाले. "मामाच हाय तिचा. माज्या जागी त्यो उभा ऱ्हाईल."

"आन् लोक इचारतील तवा?"

"सायबानं रजा दिली न्हाई म्हण."

भागम्माने पदर तोंडाशी नेला. रडली नाही. भाकऱ्या पुन्हा फडक्यात बांधल्या, गाठ घट्ट मारली आणि ते फडकं त्यांच्या पाटीत ठेवलं. तेवढ्यात जिंतूरची मोटार आली. ती उठली, चढताना एकदा थांबली, पण कंडक्टरने घाई केली तशी आत गेली.

मुकादम हाका मारत बांधावरून खाली उतरला होता.

"अर्धा तास झाला, काम बंद हाय तुजं! कोन व्हती रे ती बाई?"

"कारकुनाच्या घरची," मन्मथअप्पा म्हणाले आणि पाटी घेऊन रांगेला लागले.