बोट कशावर?

रेडिओमामांनी शेवटचा स्क्रू काढला, मागचं झाकण उचललं आणि उघडा रेडिओ भाचीपुढे सरकवला.

"बोल. मालक कसा?"

भाचीनं आत डोकावून पाहिलं. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर सुखात नांदत होतं. मामा तिला बटण म्हणत, कारण लहानपणी दुकानात शिरल्याबरोबर ती हाताला लागेल ते बटण पिरगाळायची. आता ती चौदा वर्षांची होती आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

"हा रेडिओ स्वयंपाकघरात असतो," ती म्हणाली.

"बोट कशावर?"

स्पीकरच्या कडेला पिवळा, चिकट थर बसला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. "तळणीचा धूर. आणि मालक एकच स्टेशन ऐकतो. काट्याची दोरी एवढ्या एकाच जागी झिजलीये."

"शाबास. आणि त्याचं बायकोशी पटत नाही."

"हे कशावरून?"

"मी ओळखतो ना त्याला."

"मग हे अनुमान नाही, मामा. ही चहाडी झाली."

मामा खो खो हसले. पोरगी तयार होत होती.

परीक्षा दूरच्या शहरातल्या निवासी विद्यालयाची होती. गणितात बटणला कुणी हात धरून चालवायची गरज नव्हती. घोडं अडायचं उताऱ्यापाशी. 'उताऱ्यात स्पष्ट सांगितलेले नाही, पण यावरून काय समजते?' असा प्रश्न आला की ती एक तर उताऱ्यातलंच वाक्य उतरवून काढी, नाही तर मनाला येईल ते ठोकून देई. सराव परीक्षेत दहापैकी तीन मिळाले, तेव्हा तिची आई तिला घेऊन थेट दुकानात आली. आई म्हणजे मामांची धाकटी बहीण, रुग्णालयात परिचारिका, पायाला कायम भिंगरी.

"दादा, तुला थापा मारता येतात," ती म्हणाली. "हिला त्या पकडायला शिकव."

मार्गदर्शक पुस्तकातले उतारे मामांना पटले नाहीत. 'एक माणूस घरी आला. त्याची छत्री ओली होती.' याला काय उतारा म्हणायचं? मामांनी स्वतःचे उतारे रचले. एका दीपस्तंभावरच्या रेडिओत माशांनी संसार थाटला होता आणि बातम्या लागल्या की ते रांगेत शिस्तीत उभे राहत. एका गवयाच्या रेडिओला सर्दी झाली, तो तीन दिवस वरचा सूर लावेना. प्रत्येक थापेच्या पोटात मामा एक खरी खूण लपवून ठेवत आणि बटणनं ती शोधायची. नियम एकच. उत्तर द्यायचं तर बोट ओळीवर हवं.

या सगळ्यात एक गोम होती आणि ती फक्त मामांना ठाऊक होती.

मामांचे कान जायला लागले होते. डावा केव्हाच गेला होता, उजवा त्याच्या मागोमाग निघाला होता. हल्ली ते रेडिओ बोटांनी ऐकत. स्पीकरच्या जाळीवर बोटांची टोकं टेकवली की खरखर कुठली आणि घरघर कुठली, बिनचूक कळे. अजून एकही रेडिओ परत आला नव्हता. माणसांना मात्र जाळी नसते. म्हणून मामांनी बटणची खुर्ची समोर, दिव्याखाली मांडली होती, ओठ दिसावेत अशी. उत्तरं ते तिच्याकडून लिहून घेत. "परीक्षा काय तोंडी आहे?" असं वर विचारत. आणि सर्वात पक्का बंदोबस्त म्हणजे मामा अखंड बोलत. बोलणाऱ्या माणसाला ऐकू येतं का, असं कोण विचारतं?

लपवायला कारण होतं. गेल्या वर्षी ते शिडीवरून पडले, पाय मोडला आणि या मुलीनं परीक्षेचा अर्ज भरलाच नाही. 'मामाला कोण बघणार?' एवढं बोलून तीन महिने ती दुकानात कुबडीसारखी त्यांच्या बगलेत उभी राहिली. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची. कानाचं कळलं तर ती पुन्हा ठाण मांडून बसेल, यात मामांना तिळमात्र शंका नव्हती. मामांचा दुसरा पाय मोडला असता तरी त्यांनी तिला कळू दिलं नसतं. पण इथे तर चोरानंच पोलिसांची शिकवणी घ्यावी असा मामला होता. ती जितकी हुशार होईल तितका धोका. तरी मामा बेफिकीर होते. चाळीस वर्षं थापा मारल्यात म्हटलं, एक थाप पंधरा दिवस टिकवणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच गृहस्थ आले. चादरीत बांधलेला लाकडी रेडिओ त्यांनी टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून गाठ सोडता सोडता म्हणाले,

"वडील वारले हो."

मामांना ओठ दिसले नाहीत. कानावर पडलं तेवढं त्यांनी उचललं.

"आले? मग बाहेर कशाला उभे केलेत त्यांना? आत बोलवा, खुर्ची देतो!"

गृहस्थांनी मान वर केली. बटणची पेन्सिल थांबली. मामांनी तो चेहरा पाहिला, अर्धवट सुटलेली गाठ पाहिली, रेडिओचं झिजून गुळगुळीत झालेलं बटण पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. पण तोंड तयारीचं होतं. त्यांनी सावकाश रेडिओवर तळहात ठेवला.

"आलेच आहेत की," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं रोज या बटणावर हात ठेवणारा माणूस एवढ्यात कुठे जातोय? तुम्हीपण बसा."

गृहस्थ बसले. अर्धा तास वडिलांबद्दल बोलले, मध्येच हसले, जाताना मामांचा हात दोन्ही हातांत धरून गेले.

"पाहिलंस?" मामांनी कॉलर ताठ केली. "याला म्हणतात अनुमान."

"पाहिलं," बटण म्हणाली आणि तिनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. शिष्या टिपणं काढतेय म्हणून मामा सुखावले.

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं दारावरची घंटा काढली. "कर्कश वाजते. माझं लक्ष उडतं," असं म्हणत त्याच वायरीवर तिनं रेडिओच्या स्टेशनपट्टीमागचा बारका दिवा जोडला आणि तो मामांच्या टेबलावर, डोळ्यांसमोर बसवला. बाहेर कुणी बटण दाबलं की आत दिवा लागायचा. मामांना नशिबाचं नवल वाटलं. न मागता केवढी सोय! पुढे ती खांद्याला हात लावल्याशिवाय बोलेनाशी झाली. परीक्षेची शिस्त अंगात मुरतेय, मामांनी बहिणीला अभिमानानं सांगितलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी बटणला दहापैकी दहा मिळाले. मामा पुढचा उतारा सांगायला तोंड उघडणार, तोच तिनं वही त्यांच्यापुढे ठेवली.

"आज उतारा माझा. तू सोडव."

मामांनी चष्मा चढवला.

'एक कारागीर होता. तो फार बोलत असे आणि रेडिओ बोटांनी ऐकत असे. एकदा एक माणूस म्हणाला, वडील वारले. कारागिराने वडिलांना आत बोलावले. त्याच संध्याकाळी त्याच्या भाचीने घंटा काढून दिवा लावला. त्यानंतर ती एकही दिवस न चुकता अभ्यासाला आली.

प्रश्न पहिला : कारागीर काय लपवत होता? प्रश्न दुसरा : ते त्याने का लपवले? प्रश्न तिसरा : आता भाची काय करणार आहे?'

मामांनी पेन्सिल उचलली.

पहिली दोन उत्तरं त्यांनी लिहिली. तिसऱ्यापाशी पेन्सिल अडली. मग त्यांनी लिहिलं, 'घरीच थांबणार.'

बटणनं त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले, तिच्या ओठांकडे पाहू लागले.

"बोट कशावर?"

मामांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. बोट दुसऱ्या ओळीवर गेलं, तिसऱ्या ओळीवर गेलं, घंटेवरून, दिव्यावरून हळूहळू सरकत राहिलं. शेवटच्या वाक्यावर येऊन ते थांबलं आणि तिथून हलेना.

त्यांनी आधीचं उत्तर खोडून टाकलं, शेजारी एकच शब्द लिहिला, 'जाणार.'

बटणनं वही ओढून तपासली. "तीनपैकी अडीच."

"अर्धा कशाचा कापला?"

"खाडाखोड."

वही दप्तरात टाकून ती निघाली. दार लागल्याचं मामांनी पाहिलं आणि ते उघड्या रेडिओकडे वळले. एवढ्यात टेबलावरचा दिवा लागला.

दाराच्या काचेपलीकडे ती बटणावर बोट ठेवून उभी होती. मामांनी वर पाहीपर्यंत तिनं बोट काढलं नाही. मग ती बोलू लागली, सावकाश, एकेक शब्द ओठांवर सुटा करत.

मामांनी मध्ये तोंड घातलं नाही. ती थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.