निकोलासाचा ट्रक

बोलिव्हियातल्या अलासितासच्या जत्रेत जे इवलंसं घ्याल, ते वर्षभरात खरंखुरं दारात येतं. आगपेटीएवढं घर घ्या, बारीकशी बॅग घ्या, दुपारी बाराच्या ठोक्याला यातिरीकडून, म्हणजे तिथल्या भगताकडून, त्याला धुरी देववा. पुढचं मिशीवाला एकेको देव बघतो. बारा वाजून गेले की गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही.

निकोलासा तार्की या जत्रेत बोटभर पत्र्याचे ट्रक विकायची. यंदा ती उद्योजकांच्या शिबिराला जाऊन आली. तिथला टायवाला मास्तर बाकावर उभा राहून ओरडला होता, "लहान राहू नका! मोठं करा!" बाईंनी ते मनावर घेतलं. वर्षभर जमवलेला सगळा पत्रा कापून एकच ट्रक केला, लामाच्या पिल्लाएवढा, खाली बाबागाडीची चाकं. हा खपला नाही, तर पुढच्या मालाला पत्राही नव्हता.

"बोटभर ट्रकला खरा ट्रक मिळतो," एक गिऱ्हाईक म्हणालं, "मग याला काय, आगगाडी येईल?"

"उलटं असतं हो ते," त्याची बायको म्हणाली. "बारक्याचं मोठं होतं. याचं बारकं होईल. चला."

शेजारच्या बासिलियाचे बोटभर ट्रक मात्र धडाधड जात होते. "काय गं निकोलासा, गेल्या वर्षी माझ्याकडून ट्रक नेलास, धुरी दिलीस. आला का?"

"तुझा मालच खोटा! देव तरी काय करणार?"

बारा वाजत आले. यातिरी बसला होता पार चढावर आणि गर्दी तिकडे लोटली. जाडजूड सेवेरो दोन्ही हातांत इवलंसं घर, दुकान, पिठाची पोती आणि मुलीची पदवी सावरत धापा टाकत आला आणि त्याने सगळा संसार निकोलासाच्या ट्रकमध्ये ओतला.

"जरा दम खातो बाई."

"उचला आधी! विकायचा आहे तो!" निकोलासा खेकसली. मग तिने चढावाकडे पाहिलं, सेवेरोच्या पोटाकडे पाहिलं. "राहू द्या. वर नेऊन देते. दोन बोलिव्हियानो."

"माझंही घर घ्या!" मागून कोणीतरी ओरडलं. "माझं विमान वर ठेवा, पंख मोडेल!"

ट्रक बघता बघता भरला. निकोलासाने शालीची दोरी केली आणि ओढत निघाली. "बाजूला व्हा! घरं चाललीत!"

चढावाच्या तोंडाशी पोलिसाने शिट्टी फुंकली. "आत गाड्यांना बंदी आहे!"

"गाडी? अहो, खेळणं आहे हे!"

"माल आहे, भाडं घेतेस, चाकं आहेत. खेळणं म्हणे! ट्रक कोणाचा?"

वर घंटा वाजायला लागली. निकोलासा तोंड उघडून तशीच उभी राहिली.

"अगं, बोल की!" खालून बासिलिया ओरडली. "आला की तुझा ट्रक! आणि म्हणे माझा माल खोटा!"

"माझा," निकोलासा म्हणाली. "ट्रक माझा आहे."

पोलिसाने मागेपुढे पाहिलं, खिशातून आगपेटीएवढं घर काढलं आणि विमानाच्या बाजूला ठेवलं.

"मग पळव लवकर. बारा वाजतायत."

"दोन बोलिव्हियानो," निकोलासा म्हणाली.